मगदुमांचा दात पडला

माझा समोरचा दात पडला आणि सांगलीच्या अख्ख्या विश्रामबागेत कुणाला त्याचा पत्ता लागला नाही.

दाढ असती तर माझी काही तक्रार नव्हती. दाढ ही माणसाची खाजगी बाब आहे. ती पडली काय, राहिली काय, जगाला तिच्याशी देणंघेणं नसतं. पण हा वरचा, ऐन दर्शनी भागातला दात होता. माणूस बोलायला तोंड उघडतो तेव्हा सगळ्यांच्या आधी जो बाहेर डोकावतो, तो. असा दात गेला तर निदान दूधवाल्यानं तरी "साहेब, हे काय?" म्हणून विचारायला हवं. त्यानं पिशवी कडीला अडकवली आणि तो निघून गेला.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी डिंकाचा लाडू खाताना तो गेला. डिंक तुपात नीट फुलला नाही तर त्याचा आत खडा राहतो, ही गोष्ट मला साठी उलटून गेली तरी माहीत नव्हती, कारण चंदनबाला तो नीट फुलवायची. चंदनबाला माझी बायको. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. तेव्हापासून लाडू दुकानातून येतात आणि दुकानदाराला माझ्या दातांशी काही कर्तव्य नाही. तोंडात 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं, डिंकाचा खडा फुटला. बघतो तर खडा शाबूत होता.

दात हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. पहिली गोष्ट मनात आली ती अशी की, हा कुणाला तरी दाखवला पाहिजे. लहानपणी दात पडला की कौलावर फेकायला सगळं घर अंगणात जमायचं. इथं कौल नाही, तिसऱ्या मजल्यावर अंगणही नाही. मी दात एका वाटीत ठेवला आणि उरलेला लाडू चहात बुडवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खाली उतरलो. वॉचमनकडे बघून चांगलं तोंडभर हसलो. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "साहेब, काय पायजे?" भाजीवालीकडे बघून हसलो, तर तिनं मेथीचा भाव आपण होऊन उतरवला. सोसायटीचे अध्यक्ष दादासो जिन्यात भेटले, त्यांच्याकडेही हसलो. दादासो फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या म्हणाले. त्यावरून माझ्या लक्षात आलं की मला हसताना या इमारतीत कधी कुणी पाहिलंच नव्हतं. ज्या माणसाचे दात कुणी बघितलेले नाहीत, त्याचा एक गेला काय, हे लोकांना कसं कळावं? मला भयंकर एकटं वाटलं. दातासाठी नव्हे, दात काय, गेला.

राहता राहिला मुलगा. आर्जव कॅनडात असतो आणि दर रविवारी मोबाइलवर दर्शन देतो. त्याला दात दाखवावा की लपवावा, हे माझं ठरेना. दाखवला तर काळजी करेल, लपवला तर कळणार नाही. शेवटी मी फोन असा धरला की त्याला माझं फक्त कपाळ दिसावं. म्हटलं, विचारेल की, बाबा, बाकीचे कुठं आहात? तो पंधरा मिनिटं माझ्या कपाळाशी बोलला आणि म्हणाला, "बाबा, तब्येत छान दिसतेय तुमची."

एका गोष्टीत मात्र फरक पडला होता. रोज पहाटे उठून मी मोठ्यानं णमोकार म्हणतो. आम्हा जैनांकडे हा मंत्र मनात म्हटला तरी चालतो, पण मी मोठ्यानं म्हणतो, कारण दिवसभरात मला बोलायला मिळेल याची दुसरी खात्री नसते. तर 'सिद्धाणं'ला त्या फटीतून बारीक शिट्टी निघायला लागली. 'सव्वसाहूणं'ला तर अशी सणसणीत निघे, की आपण साधूंना वंदन करतोय की त्यांना शिट्टी मारतोय, असा प्रश्न पडावा. दोनतीनदा स चोरून पाहिला, पण देवाच्या कामात चोरी बरी नव्हे. दात बसवून घ्यायचा, असं मी त्या शिट्टीवर ठरवलं. नीटनेटके, निरोगी, चमकदार दात. मग बघू कोण बघत नाही ते.

कोपऱ्यावरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर डॉक्टर सोनिया यांचा दवाखाना आहे. वय मुलीइतकं, हात हलका, बोलणं त्याहून हलकं. त्यांनी मला त्या लांबलचक खुर्चीत आडवं केलं, तोंडात दिवा घातला आणि एका हातानं माझी हनुवटी धरून चेहरा हळूच डावीकडे वळवला. मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांना वाटलं, भीती वाटतेय. भीती कसली? माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावून दोन वर्षं झाली होती.

"काका, एकाचं काम नाही हे," त्या म्हणाल्या. "शेजारचे दोन हलतायत. त्यांच्या पलीकडच्याला रूट कॅनाल लागेल. दात घासता ना नीट?"

"दररोज. सकाळी."

"आणि रात्री झोपताना?"

इथं आमचं धर्मसंकट सुरू झालं. चंदनबाला होती तोवर मी या बाबतीत ढिला होतो. ती सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. ती गेल्यावर तिचं व्रत मी चालवायला घेतलं. म्हणजे संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवण, आणि मग सकाळपर्यंत तोंडात काहीही नाही. चूळसुद्धा नाही.

"पण काका, पाणी प्यायचं नाहीये, थुंकायचंय," डॉक्टर म्हणाल्या.

"तोंडात जातं ना?"

"जातं. पण बाहेर येतं."

"माणूस तरी शेवटी बाहेरच जातो, म्हणून आत आला नव्हता असं म्हणता येईल का?" मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं. डॉक्टरांना त्याचा दातांशी संबंध लागेना. शेवटी तडजोड झाली. संध्याकाळचं जेवण होताच, सूर्य असेपर्यंत मी दोन मिनिटं दात घासावेत, आतून, बाहेरून, हिरडीकडून खाली. त्यानंतर कित्येक संध्याकाळी मी तोंडात फेस घेऊन गॅलरीत उभा राहून मावळतीकडे बघत असे. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी काय समजूत करून घेतली असेल ती असो. पेस्ट घेतानाही दुकानात भिंगातून ट्यूबवरचा हिरवा ठिपका शोधत बसलो होतो. ब्रश दोनाच्या पाकिटात होते. एक वापरतो. दुसरा पाकिटातच आहे.

रूट कॅनालच्या दिवशी ते घडलं, ज्यामुळे मी विश्रामबागेत प्रसिद्ध झालो.

माझी सगळी नोकरी कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत गेली. तिथं जमीन हलणं ही आमच्याकडे पाहुणा यावा तशी गोष्ट. फुलदाणी वरच्या फळीवर ठेवायची नाही, कपाट भिंतीला ठोकलेलं हवं, आणि हादरा बसला की विचार न करता दाराच्या चौकटीत उभं राहायचं. चौकट टिकते असं तिथले जुने लोक सांगत. हल्लीचे तज्ज्ञ वेगळं सांगतात म्हणे, पण तज्ज्ञांशी मला लग्न करायचं नव्हतं. मी चौकटीत डाव्या बाजूला उभा राही, चंदनबाला उजव्या. थांबलं की शेजारच्या चौकटीतून हाक यायची, "जाणवला का?" मग आम्ही ओरडायचो, "जाणवला!" आणि आमच्या पलीकडच्यांना विचारायचो. असं करत करत विचारणा वसाहतीच्या टोकापर्यंत जायची. ज्या घरातून उत्तर आलं नाही तिथं दोघंतिघं पळायचे. रिवाज असा की उत्तर देणाऱ्यानं पुढच्याला विचारल्याशिवाय आत जायचं नाही.

तर मी खुर्चीत आडवा, तोंडात दोन नळ्या, डॉक्टरांचं ड्रिल चालू, आणि खालून घुर्र करून सगळी खुर्ची थरथरायला लागली. मी विचार केला नाही. उठलो, नळ्यांसकट दाराच्या चौकटीत जाऊन डाव्या बाजूला उभा राहिलो आणि बधिर जिभेनं ओरडलो, "हाललं!"

सांगलीला कोयनेचे हादरे काही नवे नाहीत. बाहेर बसलेली सात-आठ माणसं एका दमात जिन्याकडे धावली. एका बाईंच्या तोंडात दातांचा साचा घ्यायचा गुलाबी गोळा तसाच होता. खालचं मेडिकल रिकामं झालं, शेजारचा क्लास सुटला, आणि पाच मिनिटांत रस्त्यावर जत्रा भरली. जो तो फोनवर. "जाणवला का? आम्हाला लय जोरात." "आमच्याकडं पंखा हालला." सोसायटीच्या ग्रुपवर दादासोंनी लिहिलं की त्यांची कुंडी वीतभर सरकली. मी गळ्याला निळा रुमाल लावलेला, एक गाल बधिर, रस्त्याच्या कडेला उभा होतो. सगळ्यांचे फोन वाजत होते. माझा खिशात गप्प होता. मी एकदा काढून बघितला, चालू आहे ना म्हणून.

तेवढ्यात दवाखान्यातली राणी खाली आली. ती केसपेपर काढते आणि तिचा आवाज एखाद्या पुढाऱ्याला शोभेल असा आहे. "कोन म्हनलं भूकंप? आवं, कॉम्प्रेसर हाय त्यो! रोज वाजतोय! वर चला सगळी!"

जत्रा वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. इतक्या माणसांनी माझ्या तोंडाकडे एकदम कधीच बघितलं नव्हतं. मला हेच हवं होतं, पण असं नको होतं.

त्याचा परिणाम इतका झाला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरी माणसं यायला लागली. पहिले दादासो. कुंडीबद्दल ते काही बोलले नाहीत.

"आवं साहेब, दाताला डॉक्टर कशाला? फौजेत आमी बर्फात हुतो, दात ठणकाय लागला की लसणाची पाकळी दाबून धरायची. सकाळी एकदम फिट."

"आम्ही लसूण खात नाही."

"खायची न्हाई वं, दाबायची."

पुन्हा तेच धर्मसंकट. त्यांना मी माणूस आत येतो आणि बाहेर जातो ते वाक्य ऐकवलं. ते गंभीर झाले आणि म्हणाले, "मग कांदा?"

पुढच्या आठवड्यात लवंगेचं तेल आलं, मोहरीचं तेल आलं, मीठ-हळद आली. कुणी बाभळीच्या काड्या आणल्या. एका गृहस्थांनी मध आणला, तोही आम्हाला चालत नाही. म्हणाले, तुम्हाला जगायला चालतं तरी काय? दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी हसण्याचे व्यायाम शिकवले, गाल फुगवायचे आणि सोडायचे. मी वरवर वैतागल्याचं दाखवत होतो आणि रोज दुपारी चहाचं आधण जास्तीचं ठेवत होतो. घरात कप कमी पडले. चंदनबालेचे चांगले कप मी माळ्यावरून काढले, धुतले, पुसले. कित्येक दिवसांनी या घरात कुणीतरी माझं बोलणं मध्येच तोडत होतं.

आल्या नाहीत त्या एकट्या धोंडुबाई. त्या माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात, मध्ये एक भिंत. माणूस आटपाडीकडचं, धनगराचं. सगळी हयात मेंढरांमागं माळ तुडवण्यात गेली आणि आता मुलगा सयाजी आणि सून मंगल यांच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलेल्या. ती दोघं सकाळी नोकरीला जातात. म्हातारी दिवसभर जिन्याच्या खिडकीत बसून मिसरी लावते. तोंडात दात औषधालाही नाही, तरी मिसरी. तर त्या मिसरीचे डाग खिडकीच्या कट्ट्यावर पडायचे, म्हणून मी दादासोंकडे रीतसर अर्ज दिला होता. तेव्हापासून मी दिसलो की धोंडुबाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत. माझ्या कीर्तीनंतर मंगल एकदा दाराशी आली आणि तिनं एक पत्र्याची डबी पुढं केली.

"आत्यांनी दिलीय. म्हणाल्या, हिरडीला लावा, ठणका जातो."

डबीत मिसरी होती. मी ती ताठ मानेनं परत केली. माणसाला काही तत्त्वं असावीत.

मग डॉक्टरांनी हलणारे दोन दात काढले आणि माझा उजवा गाल पुरीसारखा फुगला. हे नेमकं नोव्हेंबरात झालं. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. आपण हयात आहोत हे सरकारला दरवर्षी पटवून द्यावं लागतं. पूर्वी सही करून भागायचं, हल्ली मोबाइलपुढे चेहरा धरतात. मी चौकातल्या सेवा केंद्रात गेलो. तिथल्या राजवर्धननं माझ्यापुढे फोन धरला.

"जुळंना, काका."

"काय जुळेना?"

"चेहरा. गेल्या वर्षीचा माणूस आन् हा माणूस येगळा म्हनतंय."

डोळे मिचकावले, चष्मा काढला, मान वळवली. मशीन ऐकेना. इतक्या दिवसांत माझ्या चेहऱ्यात काहीतरी कमीजास्त झालंय, हे ओळखणारं मला एकच कुणीतरी भेटलं, आणि ते यंत्र होतं. मला त्याच्याबद्दल जरा आपुलकीच वाटली. पण पेन्शनचा प्रश्न होता, म्हणून बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी माझ्या गालाकडे सहानुभूतीनं बघितलं आणि म्हणाले, "घाबरू नका. तुम्हाला नीट ओळखणारी दोन माणसं घेऊन या. ते सांगतील, हेच मदन मगदूम म्हणून."

मी बँकेबाहेरच्या बाकावर बसलो आणि दोन माणसं आठवायला लागलो.

दूधवाला माझा हात ओळखतो. न्हावी टाळू ओळखतो. आर्जव कपाळ ओळखतो. दादासोंनी मला जुन्या तक्रारींवरून ओळखलं असतं. कोयनेतले सगळे पांगले, काही वर गेले. मला माझ्या सगळ्या सवयींसकट, झोपेत कसा घोरतो इथपासून ओळखणारं एक माणूस होतं, आणि तिच्या हयातीचा दाखला आता कुणी मागत नव्हतं. बाकावर बसून मी रडलो. गाल सुजलेला असल्यामुळे लोकांना वाटलं, दाढ दुखतेय. एकानं तिथंही लवंग सुचवली.

मी कुणाला नेलं नाही. गाल उतरेपर्यंत थांबलो. पंधरवड्यानं राजवर्धनच्या फोननं मला एका झटक्यात ओळखलं आणि मी सरकारच्या लेखी पुन्हा जिवंत झालो.

डिसेंबरात दात तयार झाले. ब्रिज, म्हणजे दातांचा पूल, पेलण्याइतका जोर शेजारच्या दातांत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी काढता-घालता येणारी कवळी सुचवली होती. रंग निवडायला त्यांनी पुढं दातांच्या नमुन्यांची पट्टी धरली. मी शुभ्र दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, बाकीचे दात रागावतील," आणि त्यांनी चहाच्या रंगाकडे झुकणारा घेतला. बसवल्यावर हातात आरसा दिला.

"आता हसून दाखवा."

मी ओठ बाजूला ओढले.

"असं नाही. मनापासून."

"डॉक्टर, त्याला काहीतरी कारण लागतं," मी म्हणालो. त्या हसल्या. त्यांचे दात फार सुंदर आहेत. मग त्यांनी सूचना दिल्या. जेवल्यावर धुवायचे, रात्री काढून पाण्यात ठेवायचे, सकाळी उठल्याबरोबर बसवायचे. रात्रीचं पाणी मला वर्ज्य, माझ्या दातांना नाही, असा हा नवा संसार सुरू झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "झालं काका. आता सहा महिन्यांनी या."

सहा महिन्यांनी! मी दुसऱ्याच आठवड्यात कवळी टोचते म्हणून गेलो. टोचत नव्हती. त्यांनी हनुवटी धरून चेहरा वळवला, बघितलं, आणि काही न बोलता कवळीची कड उगाच जरा घासल्यासारखी केली. भल्या आहेत.

नव्या दातांनी मी वॉचमनकडे बघून हसलो. तो उठला. "साहेब, काय पायजे?" भाजीवालीनं पुन्हा भाव उतरवला. रविवारी मी फोन खाली घेतला आणि आर्जवला चेहरा पुरा दाखवला, दात वरचे, खालचे, सगळे. तो म्हणाला, "बाबा, आज नेटवर्क मस्त आहे. एकदम क्लिअर दिसताय." दुखणं संपलं तसे सल्लागारही संपले. दादासोंचा मोर्चा पहिल्या मजल्यावरच्या एका गुडघ्याकडे वळला. जास्तीचं आधण ठेवायची सवय काही दिवस सुटेना, मग सुटली. चांगले कप मी परत माळ्यावर टाकले. सकाळी दात बसवून णमोकार म्हणायचो. स अगदी शुद्ध, निर्दोष. खोली पूर्वीपेक्षा जास्त शांत वाटायची.

असाच जानेवारीत एका सकाळी मी दात न बसवताच पाटावर बसलो. कंटाळा आला होता. कुणासाठी बसवायचे? वाटीतल्या पाण्यात ते माझ्याविना हसत होते. सिद्धांपाशी शिट्टी वाजली. पुढं गेलो. सव्वसाहूंपाशी आलो, आणि जमीन हलली.

हा कॉम्प्रेसर नव्हता. पायाखालून ओळखीचा तो गुरगुराट आला, खिडकीच्या काचा थडथडल्या, भिंतीवरची चंदनबालेची तसबीर तिरकी झाली. मी दार उघडून चौकटीत उभा राहिलो, डाव्या बाजूला. उजवी बाजू मोकळी. दोनचार क्षणांत सगळं थांबलं. खालच्या मजल्यांवर दारं आपटली, जिन्यात पावलं धडधडली. आणि सवयीनं, त्या मोकळ्या बाजूकडे वळून मी म्हणालो, "जाणवला का?"

"व्हय की वं! काय झालं त्ये?"

धोंडुबाई शेजारच्या दारात उभ्या होत्या. घरात एकट्याच. पदर डोक्यावरून घसरलेला, हातात मिसरीची उघडी डबी. माळावर पाऊस, वारा, लांडगा सगळं बघितलेलं माणूस, पण जमीन हललेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

"भूकंप. इकडं या, चौकटीत," मी म्हणालो. "इथं उभं राहायचं. थांबा जरा, परत येतो कधीकधी."

त्या आल्या आणि उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. दार एका वेळी दोघांना पुरतं, हे मी विसरून गेलो होतो. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दात कुटं हायती?"

मी चटकन तोंडावर हात घेतला. "वाटीत."

"तरीच. आज परत शिट्टी वाजली. म्हनलं, पुन्यांदा पडला का काय."

"कसली शिट्टी?"

"तुमी सकाळी देवाचं म्हनता न्हवं? भित्तीतनं समदं ऐकू येतंय. दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिशी, त्यात शिट्टी वाजाय लागली. म्या मंगलला तवाच म्हनलं, म्हाताऱ्याचा म्होरचा दात पडला गं. आमच्या मालकाचा पडला हुता तवा आशीच वाजायची."

"मग... बोलला का नाहीत?"

"आवं, तुमीच बोलत न्हवता की! मिसरीचा अर्ज दिलाता माज्यावर. तरी डबी धाडली तर ती बी माघारी." त्यांनी पदर सारखा केला. "मग मदी शिट्टी बंद झाली. दात बसवला म्हनं. लय ग्वाड झालं तुमचं, पर मला करमंना. हितं पहाटं कोंबडं न्हाई, कुत्रं न्हाई. शिट्टी वाजली की कळायचं, शेजारचं म्हातारं उठलं. चला, हाय जित्तं."

मी हसलो. तोंडावरचा हात केव्हा खाली आला ते कळलं नाही. वरचं सगळं खिंडार उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी काढत मी हसलो. धोंडुबाईंनी माझं तोंड नीट निरखून बघितलं आणि त्याही हसल्या. त्यांच्या तोंडात मिसरीनं काळ्या झालेल्या हिरड्यांखेरीज काही नव्हतं. आमच्या दोघांत मिळून एका माणसाला पुरतील इतके दात असतील नसतील.

"जावा, खालच्या लोकास्नी इचारा," मग त्या म्हणाल्या. "कुनाला काय झालं न्हाई न्हवं?"

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकलो आणि कोयनेच्या आवाजात ओरडलो, "जाणवला का?" खालून दादासोंचा आवाज आला, "जाणवला! कुंडी सरकली!" मी माळ्यावरून चांगले कप काढले.

डॉक्टर सोनियांची सूचना अशी आहे की सकाळी उठल्याबरोबर दात बसवायचे. त्यांच्या बाकी सगळ्या सूचना मी पाळतो. दोन्ही वेळा घासतो, संध्याकाळी सूर्य असेपर्यंत. दात मात्र मी णमोकार झाल्यावर बसवतो. सव्वसाहूंपाशी पोचलो की भिंतीपलीकडे डबीचं झाकण वाजतं.